व्याख्येच्या आधी वही

महाराष्ट्रात पदवीच्या वर्गाला मानवशास्त्र शिकवायला उभं राहिलं की समोर बसलेल्या बहुतेकांनी हा विषय शाळेत कधी पाहिलेलाच नसतो. इतिहास-भूगोल लहानपणापासून सोबत असतात, समाजशास्त्राची निदान अकरावीत ओळख होते. मानवशास्त्राकडे मुलं वेगवेगळ्या वाटांनी येतात. काहींचं यूपीएससीचं पक्कं ठरलेलं असतं. मुख्य परीक्षेला वैकल्पिक विषय म्हणून मानवशास्त्र घ्यायचं, २५० गुणांचे दोन पेपर, अभ्यासक्रम आटोपशीर, एवढं त्यांना क्लासमध्ये सांगितलेलं असतं. काही विज्ञान शाखेची, त्यांना कवट्या आणि डीएनए हवा असतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणून कॉमर्सचीही मुलं येऊन बसतात, कारण त्यांच्या वेळापत्रकात हाच तास बसतो. अशा मिश्र वर्गाला मी बरीच वर्षं पुण्यात शिकवते आहे. त्यातून जे हाताला लागलं ते या कामात नव्याने आलेल्या सहकाऱ्यांसाठी लिहिते आहे.

माझं एक मत वर्षागणिक पक्कं होत गेलं: पहिल्या महिन्यात व्याख्या द्यायची नाही. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ टायलरने १८७१ साली केलेली संस्कृतीची व्याख्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहिली की मुलं ती उतरवून घेतात, पाठ करतात आणि पुढे वर्षभर तिच्याच आडोशाला बसतात. त्याऐवजी मी पहिल्या तासाला दोनशे पानी वही आणायला सांगते आणि दुसऱ्या तासाला त्यांना एसटी स्टँडवर पाठवते. काम साधं असतं. एका जागी अर्धा तास बसायचं, दिसेल आणि ऐकू येईल ते लिहायचं. वहीच्या उजव्या पानावर फक्त पाहिलेलं-ऐकलेलं, डाव्या पानावर मनात आलेलं. दोन्हींची सरमिसळ करायची नाही.

ऐकायला हे फार सोपं वाटतं. पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येकाच्या उजव्या पानावर डाव्या पानाचा मजकूर येतो. एका मुलीने लिहिलं होतं, “बाकावर एक गरीब म्हातारी बसली होती.” मी विचारलं, “गरीब कशावरून?”

“मॅडम, लुगडं फाटकं होतं.”

“मग लुगडं फाटकं होतं, असं लिही. कुठे फाटलं होतं? पदराला की काठाला? शिवलेलं होतं का?”

“ते नाही बघितलं.”

“आणि म्हातारी कशावरून?”

ती पुन्हा स्टँडवर गेली. माझी पहिली महत्त्वाची युक्ती हीच: वही तपासताना शेरा लिहायचा नाही, समासात फक्त ‘कशावरून?’ एवढंच लिहायचं. सत्र संपेपर्यंत मुलं स्वतःच्याच लिखाणाला हा प्रश्न विचारायला लागतात. कोण कुठे उभं राहतं, बाकावर पिशवी ठेवून जागा कोण धरतं, रात्री एकट्या बायका चौकशीच्या खिडकीजवळ, उजेडात का थांबतात, असल्या गोष्टी मग वहीत उतरायला लागतात. जागेवर चिठोऱ्यावर दोन-चार शब्द टिपले तरी चालतात, पण पूर्ण नोंद त्याच रात्री झाली पाहिजे. झोपून उठलं की संवादातले निम्मे शब्द आपले होऊन बसतात.

नोंदी मराठीतच लिहा, असं मी पहिल्या दिवशी सांगते. पुस्तकं इंग्रजीत असल्यामुळे मुलांना वाटतं की शास्त्र म्हटलं की इंग्रजीतच लिहायला हवं, नाहीतर निदान छापील मराठीत. त्यामुळे समोरचा माणूस “आवो, गाडी कवाची गेली” म्हणाला तरी वहीत “बस केव्हाच निघून गेली असे त्यांनी सांगितले” असं येतं. माणूस जसा बोलला तसंच अवतरणात ठेवायचं, हा नियम मी फार कडक पाळते. अहिराणी बोलणाऱ्या, झाडीबोली बोलणाऱ्या मुलांना या नियमाने एकदम बळ येतं. त्यांचा कान इतरांपेक्षा तयार असतो.

जून-जुलैत पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, ही आमच्या वेळापत्रकाची मोठी सोय. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकाराम महाराजांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. मी मुलांना ‘वारी पाहून या’ असं कधीच सांगत नाही. तसं सांगितलं की सगळ्यांच्या वहीत टाळ-मृदंग आणि भक्तिभाव येतो, आणि एकाचं लिखाण दुसऱ्याचं म्हणून खपतं. प्रत्येकाला एकच लहान गोष्ट वाटून द्यायची. तू फक्त पाण्याचा टँकर. तू चपला शिवून देणारे. तू दाढी-कटिंग फुकट करून देणारे. तू मोबाइल चार्जिंग कुठे आणि कसं होतं ते. तू दिंडीचा ट्रक आणि त्यातलं सामान. तू जेवणाची पंगत: कोण वाढतं, कोण आधी बसतं, वर्गणी कुणाकडे जमा होते. मग वर्गात सगळ्या वह्या एकत्र ठेवायच्या. चपलांची वही आणि पंगतीची वही शेजारी आली की मुलं आपण होऊन प्रश्न विचारतात. दिंडी ही नुसती चालणाऱ्यांची रांग नाही, तिच्यात वर्गणी, शिस्त, क्रम, गाव, जात, नातं हे सगळं बांधलेलं आहे, हे त्यांना मी सांगावं लागत नाही.

इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेख मी यानंतर वाचायला देते. त्या स्वतः दिंडीबरोबर चालल्या होत्या आणि एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळी वेगळी जेवतात हे त्यांनी लिहून ठेवलं, त्याचं त्यांना झालेलं दुःखही लिहिलं. मुलांनी पंगत आधी पाहिलेली असली की हा लेख त्यांना आपल्यातल्याच कुणाची तरी वही वाटतो. आधी दिला असता तर त्यांनी तेवढंच शोधलं असतं.

नातेसंबंधांचा भाग शिकवताना मात्र जपून पावलं टाकावी लागतात. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, दोन समांतर रेघा म्हणजे लग्न: वंशावळीची ही खुणांची भाषा एका तासात येते. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स यांनी १८९८ च्या, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत लोकांच्या वंशावळी गोळा केल्या आणि त्यातून ही पद्धत घडवली. पुढचं काम म्हणजे स्वतःच्या घराची वंशावळ काढणं, आणि तिथे वर्गात काही चेहरे उतरतात. कुणाचे आईवडील वेगळे राहतात, कुणी दत्तक आहे, कुणाच्या घरी आंतरजातीय लग्नानंतर एक अख्खी बाजू बोलायची बंद झाली आहे. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगते की स्वतःचं घर काढण्याची सक्ती नाही, आणि कारणही सांगावं लागणार नाही. शेजाऱ्यांची चालेल, त्यांची परवानगी घेऊन. नाहीतर महाभारतातलं कुरुकुल काढा. हा पर्याय पळवाटेसाठी दिलेला नाही, तो सगळ्यात अवघड आहे. विचित्रवीर्याच्या राण्यांना व्यासांपासून झालेले मुलगे, कुंतीचं लग्नाआधीचं मूल, द्रौपदीचे पाच पती: नेहमीच्या खुणा अपुऱ्या पडतात. जन्म देणारा पुरुष आणि समाज ज्याला बाप म्हणतो तो पुरुष वेगळे असू शकतात, ही पुस्तकात रुक्ष वाटणारी गोष्ट धृतराष्ट्र आणि पांडू यांच्यापाशी आल्यावर कायमची समजते.

घरची वंशावळ काढणाऱ्यांच्या कागदांवर दरवर्षी एक गोष्ट दिसते. वरच्या पिढ्यांत त्रिकोणांखाली नावं असतात, वर्तुळं रिकामी असतात. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, कधी कधी त्याच्याही वरचं. पणजीचं नाव मात्र ‘माहीत नाही’. मग मी सांगते, आजीला विचारा, तिचं माहेरचं नाव काय होतं, आणि तिच्या आईचं. लग्नात नाव बदलण्याची आपल्याकडची रीत मुलांना ठाऊक असते, पण आपल्या आजीचं आधी दुसरं नाव होतं हे अनेकांना वयाच्या एकोणिसाव्या वर्षी प्रथमच कळतं. एक मुलगा येऊन म्हणाला, “मॅडम, आजी आधी सांगेचना. मग म्हणाली, कुणी विचारलंच नाही इतक्या वर्षांत.” पितृवंशीय नोंद म्हणजे काय हे मी त्या दिवशी त्या रिकाम्या वर्तुळांवर बोट ठेवून शिकवलं, आणि तेव्हापासून तसंच शिकवते.

मग कुणाचं कुणाशी लग्न चालतं हा प्रश्न. यावर वर्ग हमखास तापतो. सातारा-सांगलीकडच्या, मराठवाड्यातल्या मुलांना मामाच्या मुलीशी लग्न ही ऐकलेली, पाहिलेली गोष्ट असते; दुसऱ्या घरांतल्या मुलांना ते बहीण-भावाचं लग्न वाटतं. मी कुणालाही बरोबर-चूक ठरवू देत नाही, आधी तक्ता करायला लावते. कर्वे यांनी १९५३ च्या ग्रंथात भारताचे नातेव्यवस्थेनुसार विभाग पाडले, त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. दक्षिणेत मामाची मुलगी, आतेची मुलगी दोन्ही चालतात, बऱ्याच ठिकाणी थोरल्या बहिणीची मुलगीही. उत्तरेत यातलं काहीच चालत नाही. आपल्याकडे अनेक जातींत मामाची चालते, आतेची नको. मुलांचे तक्ते या नकाशाशी ताडून पाहायचे. त्यापुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा: भाऊ-बहिणीच्या मुलांमधलं लग्न त्यात निषिद्ध नात्यात येतं, पण रूढी असेल तर अपवाद. कायद्याने रूढीला जागा का ठेवली, यावर यूपीएससीवाली मुलं आणि बाकीची मुलं पहिल्यांदाच एकत्र वाद घालतात.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो तो आहेराच्या वहीचा भाग. गावाकडच्या बहुतेक घरांत, आणि शहरातल्याही पुष्कळ घरांत, लग्नातल्या आहेराची वही ट्रंकेत किंवा कपाटात जपून ठेवलेली असते. मांडवात टेबल टाकून एक अक्षर चांगलं असलेला माणूस बसवलेला असतो. नाव, गाव, रक्कम किंवा वस्तू. मुलांनी घरच्यांची परवानगी घेऊन ती वही वाचायची, आणि ती ज्यांच्या लक्षात आहे त्यांच्या शेजारी बसून वाचायची. कारण वहीत फक्त ‘अमुक, पाच रुपये’ एवढंच असतं. बाकीचं आजीला ठाऊक असतं: त्यांच्याकडे आपण आधी तांब्या दिला होता, म्हणून त्यांनी हे दिलं, यांच्या मुलीच्या लग्नात आपण त्याहून थोडं वाढवून दिलं, हे आले पण आहेर केला नाही, कारण बांधावरून भांडण होतं. पाच रुपये, अकरा, एकशे एक. रकमेत नात्याचा अंदाज असतो आणि बहुधा वर एक रुपया असतो.

ही वाचनं झाली की मग भेटवस्तूंवर लिहिणारे फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस. देणं बंधनकारक, स्वीकारणं बंधनकारक, परत करणं बंधनकारक, असं त्यांनी १९२५ मध्ये मांडलं. मुलांच्या हातात पुरावा आधीच असतो. कॉमर्सचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, ही उधारीच आहे की. नुसती तारीख नाही टाकलेली.” मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “उधारी फेडली की संपते. आहेर फेडला की पुन्हा सुरू होतो.” त्या वाक्यावर मी बाकीचा तास घेतला. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापणारं घर नेमकं काय नाकारतं, हा प्रश्न गृहपाठाला दिला. संक्रांतीचं वाण लुटणं यात कुठे बसतं, हे त्यांनीच पुढे काढलं.

यानंतर मानवशास्त्रज्ञ मॅलिनॉवस्की १९२२ च्या ग्रंथात वर्णन करतात ती कुला देवघेव शिकवायला वेळ लागत नाही. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या बेटांच्या वर्तुळात तांबड्या शिंपल्यांच्या माळा घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि पांढरी शंखाची कडी उलट दिशेने. वर्गात खुर्च्या गोल मांडते, एक तांबडी माळ आणि एक पांढरं कडं फिरवायला देते. नियम मोजके: घासाघीस करायची नाही, मिळालेली वस्तू लगेच पुढे द्यायची नाही, कायमची ठेवायचीही नाही, आणि देताना तिच्या आधीच्या धन्यांची नावं सांगायची. हे एका तासात करू नये, आठवडेच्या आठवडे चालू ठेवावं. काळ जाऊ दिला नाही तर कुलातलं मर्मच कळत नाही. काही आठवड्यांनी मुलं त्या माळेविषयी आदराने बोलायला लागतात, ती साधी प्लास्टिकच्या मण्यांची असली तरी.

जैविक मानवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मापनाची साधनं हातात येतात तेव्हा विज्ञानाची मुलं खूश असतात. इथे इतिहास बाजूला ठेवून नुसतं तंत्र शिकवणं मला पटत नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावता येते असा दावा केला होता. म्हणून पहिलं प्रात्यक्षिक असं: एकच नाक, ज्याची हरकत नसेल त्याचं, आणि वर्गातल्या प्रत्येकाने स्वतंत्र मोजायचं, आकडा कुणाला सांगायचा नाही. मग सगळे आकडे फळ्यावर. रुंदी ३४ मिलिमीटर आणि उंची ५० आली तर निर्देशांक, म्हणजे रुंदीला उंचीने भागून शंभरने गुणलेला आकडा, ६८, म्हणजे अरुंद नाकाचा गट. दुसऱ्याच्या हातून एकेक मिलिमीटर इकडेतिकडे झाला, ३५ आणि ४९ आले, तर ७१.४, म्हणजे मध्यम गट. एकाच माणसाचा ‘प्रकार’ मोजणाऱ्याच्या बोटांबरोबर बदलला. मापांच्या तक्त्यात जात, धर्म, गाव यांचा रकाना ठेवायचा नाही हा माझा नियम आहे आणि त्यात सवलत नाही.

इरावतीबाई १९२० च्या दशकाच्या अखेरीला बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांवर संशोधन करत होत्या, आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक वंशाशी जोडता येत नाही असा निष्कर्ष त्यांनी आपल्या गुरूच्या अपेक्षेविरुद्ध मांडला. पुढे महाराष्ट्रात त्यांनी स्वतःही लोकांची शरीरमापं घेतली. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात. अभ्यासकही आपल्या काळाच्या साधनांनीच काम करतो. आणि मापन वाईट, असा समज होऊन मुलं बाहेर पडू नयेत म्हणून शेवटी अंगणवाडीतली पट्टी दाखवते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. तिथे मिलिमीटर नीट मोजला तर जीव वाचतो.

आदिवासी समाजांवरच्या घटकाला मी सगळ्यात जास्त तयारी करून जाते, कारण वर्गात महादेव कोळी, कोकणा, भिल्ल, पारधी घरांतली मुलं बसलेली असतात आणि जुन्या पुस्तकांत त्यांच्याविषयी ‘आदिम’ असे शब्द असतात. “तुमच्याकडे कसं असतं गं?” असं कुठल्याही विद्यार्थ्याला वर्गात विचारायचं नाही. तो शिकायला आलेला आहे, नमुना म्हणून आलेला नाही. वर्णनाच्या आधी मी कायदा आणि कागद घेते. अनुसूचित जमात ठरवण्यासाठी १९६५ च्या लोकूर समितीने वापरलेले निकष फळ्यावर लिहिते: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्यांशी संपर्काचा बुजरेपणा, मागासलेपण. मग विचारते, ही यादी कुणी केली, कुणाला पाहून, कुठे उभं राहून? तसंच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यातून झालेली सुटका. हे आधी झालं की पुस्तकातलं वर्णन मुलं वेगळ्या डोळ्यांनी वाचतात.

याच कारणाने बस भरून मुलांना पाड्यावर एका दिवसाच्या सहलीला नेण्याच्या मी ठाम विरोधात आहे. तिथल्या लोकांना त्या भेटीतून काही मिळत नाही, आणि मुलं फोटो घेऊन परत येतात. दीर्घ ओळख, परवानगी आणि परत जाण्याची तयारी असेल तर जरूर जावं. पदवीच्या फील्ड प्रोजेक्टला शहरातच विषय खूप आहेत. सुरगाण्याकडच्या एका विद्यार्थिनीने पुण्यातल्या पेठेतलं एक गणपती मंडळ निवडलं होतं. वर्गणीची पावती फाडताना कुणाकडे किती मागायचं हे कसं ठरतं, मिरवणुकीत बायका कुठे असतात, अध्यक्षपद कुठल्या घरांत फिरतं, असं सगळं तिने बाहेरून आलेल्या माणसाच्या ताज्या नजरेने टिपलं. तिच्या वर्गातल्या पेठेतल्या मुलांनी ती वही मागून घेऊन वाचली.

इनामगावच्या उत्खननाचा भाग मी थोडक्यात आटोपते, कारण तो एकदा डेक्कन कॉलेजचं संग्रहालय पाहिलं की आपोआप लक्षात राहतो: घराच्या जमिनीखाली पुरलेली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांतली लहान मुलांची दफनं, आणि घोट्याखाली पाय तोडून पुरलेली मोठी माणसं. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव. तिथेही प्रश्न एकच, ‘कशावरून?’

मूल्यमापनाचं शेवटी सांगते. आता मोबाइलवर क्षणात नीटनेटका निबंध तयार मिळतो, त्यामुळे अंतर्गत गुणांसाठी निबंध घेणं मी बंद केलं. गुण हाताने लिहिलेल्या वहीला, आणि तोंडी परीक्षेत ती वही मी मधूनच कुठेही उघडते: ही बाई कुठे बसली होती, तू कुठे होतास, हा शब्द तिचा की तुझा? जो तिथे गेलेला आहे त्याला ही उत्तरं देताना आठवायला मजा येते. लेखी परीक्षेत एक प्रश्न न वाचलेल्या नोंदीवर असतो. आधीच्या वर्षातल्या एखाद्या वहीतलं पान, लिहिणाऱ्याची आणि त्यातल्या माणसांची संमती घेऊन, नावं-गावं बदलून, तसंच छापते. यंदाच्या सत्रात १९७८ च्या लग्नातलं आहेराच्या वहीचं पान दिलं होतं, बारा नावं, बारा रकमा आणि एका नावापुढे नुसती रेघ. प्रश्न असा होता: या पानावरून तुम्हाला खात्रीने काय सांगता येईल, अंदाजाने काय सांगता येईल, आणि त्या रेघेबद्दल तुम्ही कुणाला, कुठला पहिला प्रश्न विचाराल?